सरदाराच्या मागचा अंधार

"नाव घालून देतो बाई. काढून देत न्हाई," करडेमामा म्हणाले आणि तांब्या माझ्याकडे सरकवला.

मी तो परत त्यांच्याकडे सरकवला. "काढायला काय झालं? घासलं की जाईल."

"घासून जाईल असं नाव कुनी घालत न्हाई."

करंजवड्याच्या भांडेबाजारात एका दुकानाच्या पायरीवर पोतं अंथरून धोंडू करडे बसत. पुढ्यात लाकडी ठोकळा, हातात बारकी छिन्नी आणि त्याहून बारकी हातोडी. लग्नसराईत त्यांच्यापुढे रांग लागायची. कुणी कुणाला काय दिलं, कुठल्या तारखेला दिलं, हे ताटावाट्यांवर, हंड्याकळशांवर टिकटिक करत घालायचं, हे त्यांचं काम. पंचेचाळीस वर्षं ते हेच करत होते. मी गेले तेव्हा पौष होता, लग्नं बंद होती, म्हणून रांग नव्हती. तोच मुहूर्त साधून मी गेले होते, कारण चारचौघांत हे काम सांगायची मला लाज वाटत होती.

त्यांनी चष्म्याची काच धोतरानं पुसली आणि तांब्याच्या खांद्यावरची ओळ वाचली. "सौ. वैजयंती श्रीधर साठ्ये हिस." त्याखाली दुसरी ओळ. "आईकडून, ९-५-७६." मग मान वर केली. "अक्षर वाकडं हाय, पर खोल गेलंय. घासत बसलो तर भोक पडंल. आन घातलेलं नाव खोडायचं नसतं बाई. त्यात सौ. लिवलंय."

"त्या सौ. आता नाहीत."

"अरारा. कधी गेल्या?"

"गेल्या नाहीत. मीच ती. मी कुमुद."

बाजारात उभं राहून सगळं रामायण कसं सांगणार? लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'वैजयंती' असं लिहिलं आणि कुमुद रिसबूड तिथंच संपली. नाव आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे आईनं आठ दिवस आधी बाजारात जाऊन आहेराच्या एकावन्न भांड्यांवर ते घालून घेतलं होतं. जन्मभर मला 'कुमे' अशी हाक मारणारी बाई, पण रीत म्हणजे रीत. तीन वर्षं मी त्या घरात वैजयंती या हाकेला ओ दिली. चौथ्या वर्षी एका पिशवीनिशी बाहेर पडले. कोर्टकचेरी झाली, कागद झाले, आणि सगळ्यात शेवटी एके दिवशी टेम्पोतून भांडी परत आली. पोत्यात बांधलेली. तोवर आई गेली होती. पन्नास भांडी मी डोळे मिटून मोडीत घातली. एकावन्नावा हा तांब्या. आईच्या हातचं म्हणून माझ्याकडे एवढंच उरलं होतं आणि त्यावर नाव भलत्याच बाईचं.

"वरची ओळ काढा," मी म्हटलं. "खालची राहू द्या. एवढंच सांगतेय."

"ते हुणार न्हाई."

माझ्या नाकावर राग. हे नाक आईचंच. "मग ठेवा तुमच्याकडेच," मी म्हटलं, "आणि घाला मोडीत."

आणि तरातरा निघाले. बाजाराचं वळण येईपर्यंत राग उतरला होता. मागे फिरायला पाहिजे होतं. फिरले नाही.

मी तेव्हा करंजवड्याच्या संग्रहालयात नोकरीला होते. रक्षक मी, कारकून मी, तिकीट फाडणारीही मीच. जुन्या राजेसाहेबांच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या बंगल्यात पेंढा भरलेला एक वाघ, काही तलवारी, बंद पडलेली अकरा घड्याळं आणि राजेसाहेबांनी विलायतेहून आणलेली चित्रं, असा आमचा पसारा होता. दिवसाला चार माणसं आली तर गर्दी म्हणायची. सकाळी झाडलोट करून रखमाबाई गेली की संध्याकाळपर्यंत माणसाचा आवाज कानावर पडेल याची खात्री नसे. गावात मी एका खोलीत राहत होते. तिथं तर ती आशाही नव्हती.

म्हणून मी डबा सरदारासमोर खात असे. आतल्या दालनात, खिडकीशेजारी एका फ्रेंच सरदाराचं चित्र होतं. रंगीत नाही, काळ्या शाईत छापलेलं. तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस. खांद्यावर रुळणारा कुरळ्या केसांचा टोप, गळ्याशी जाळीदार लेस, छातीवर चिलखत आणि त्यावरून सोडलेला रेशमी शेला. हनुवटीखाली दुसरी हनुवटी. आणि डोळे असे की खोलीत कुठंही बसा, तो तुमच्याकडेच बघणार. बाकी कुणी बघत नव्हतं, हा बघायचा. चौकटीखाली जुन्या रक्षकांनी लावलेली पट्टी होती: 'सरदार मोरलो, फ्रान्स.' मी त्याला सांगत असे, "आज भेंडी आहे हो सरदार." हे आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नसे.

त्या भांडणानंतर तिसऱ्या दिवशी दारात करडेमामा उभे. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी. तांब्या आणला असेल म्हणून त्यांच्या हातांकडे बघितलं. हात रिकामे होते.

"तिकीट द्या," ते म्हणाले.

"मामा, तुम्हाला कसलं तिकीट?"

"का? मला डोळं न्हाईत?"

तिकीट फाडलं. वाघाकडे त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. तलवारींवर कोरलेली अक्षरं वाकून तपासली आणि नाक मुरडलं. मग आत गेले. पाऊण तास झाला तरी बाहेर येईनात, म्हणून मी बघायला गेले, तर सरदाराच्या नाकाला नाक लावून उभे.

"ह्ये कशानं काढलंय बाई?"

"काढलेलं नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे, त्यात शाई भरायचे आणि कागदावर छाप उठवायचे."

"तांब्याच्या?" ते एकदम माझ्याकडे वळले. "ह्ये तांबं कोरलेलं हाय?"

"हो."

त्यानंतर त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि मला विसरून गेले. बऱ्याच वेळानं, मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यागत बोलू लागले. "हातोडी न्हाई मारलेली. रेघ बारीक सुरू हुते, पोटात जाड हुते, पुन्यांदा बारीक. ढकललीय. हत्यार तळहातात धरून ढकललंय ह्या मानसानं." मग भिंग खाली आलं, चित्राच्या अगदी तळाच्या कोपऱ्यात थांबलं. "हितं काय लिवलंय?"

"मोरलो. आणि पुढे काहीतरी लॅटिन आहे. सरदाराचं नाव आहे ते."

"छ्या," करडेमामा म्हणाले.

"अहो, पट्टीवर लिहिलंय."

"पट्टी गेली खड्ड्यात. सरदाराचं नाव असं कोपऱ्यात, मुंगीएवढं असंल? मी पाटलाच्या हंड्यावर नाव बुडाला घातलं तर पाटील मला जित्ता सोडंल का? आन ही अक्षरं बगा. सरदाराची लेस कशी जपून जपून कोरलीय, आन ह्ये नाव कसं एका दमात घातलंय. ह्ये त्यानं सोत्तासाठी घातलंय. ज्यानं कोरलं त्याचं नाव हाय ह्ये."

पन्नास वर्षं आम्ही त्या माणसाला कारागिराच्या नावानं ओळखत होतो! मी कपाळाला हात लावला. मग कुलपातलं राजेसाहेबांचं जाड विलायती शब्दकोशाचं बाड काढलं आणि तो लॅटिन शब्द शोधला. अर्थ दिला होता: 'याने कोरले.'

"मग सरदाराचं खरं नाव?" मामांनी विचारलं.

ते खाली, कागदाच्या कडेला, चौकटीच्या आड असणार. मला राहवेना. रजिस्टरात एका अक्षराची नोंद न करता मी चित्र उतरवलं, मामांनी मागचे बारके खिळे उपसले, आणि आम्ही कागद बाहेर काढला. कागदाची खालची कड नव्हतीच. कात्रीनं सरळ कापून टाकलेली. राजेसाहेबांनी चाळीस चौकटी एकाच मापाच्या करून घेतल्या होत्या, आणि जे चित्र बसत नव्हतं ते सुताराच्या हातून बसवलं गेलं होतं. एवढा दिमाखाचा सरदार, चिलखतवाला, पण त्याचं नाव सुतारानं शेगडीत घातलं. उरला तो मोरलो.

मामा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "पंचेचाळीस वर्सं दुसऱ्यांची नावं घातली बाई. माज्या घरातल्या भांड्यांवरबी सासऱ्याचं हाय. माजं एकाबी भांड्यावर न्हाई. ह्यानं बरं घातलं. सरदारानं चालवून घेतलं?"

"घेतलं म्हणायचं."

"भला मानूस," ते म्हणाले. सरदार की मोरलो, ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्याही. रोज तिकीट काढून. मला वाटलं, आता सरदाराची आणि यांची दोस्ती जमली. पण ते चेहऱ्याकडे बघेचनात. त्या सुंदर डोळ्यांकडे नाही, लेसकडे नाही. सरदाराच्या खांद्यामागं जो काळोख होता, तेवढ्या चार बोटांच्या जागेवर भिंग लावून उभे राहत. तास तास. मला सरदाराच्या वतीनं अपमान वाटे.

"त्यात काय बघता? तिथं तर काहीच नाही," मी एकदा म्हटलं.

"काळा रंग न्हवं ह्यो. रेघा हाईत. आदी आडव्या, मग तिरक्या, मग त्यावर उलट्या तिरक्या. रेघंवर रेघ. मधी काय हुतं आन काय न्हाई, मानसाला कळू नये." आणि पुन्हा भिंग.

मला त्यांना एकच विचारायचं होतं. तांब्या कुठंय? रोज सकाळी ठरवायची, आज विचारायचंच. रोज ते यायचे, मी तिकीट फाडायची, तोंडापर्यंत आलेलं गिळायची. मोडीत घाला, असं मीच म्हटलं होतं ना? माणूस शब्दाचा पक्का होता. 'घातला,' असं ते म्हणाले असते तर मी काय करणार होते? विचारलं नाही तोवर तांब्या असण्याची निदान अर्धी आशा तरी होती. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. दिवसातून एक माणूस ठरल्या वेळी येतंय, आपण दिलेला चहा पितंय, याची मला सवय लागली होती. विचारलं आणि भांडण झालं तर तेही जाईल, ही भीती होती.

मग ते यायचे थांबले. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. बारा वाजले की माझे कान दाराकडे. डबा उघडावासा वाटेना. नवव्या दिवशी संग्रहालयाला भरदुपारी कुलूप लावलं आणि बाजारात गेले.

पायरीवर पोतं नव्हतं. ठोकळा नव्हता. आत दुकानदार स्वतःच एक विजेचं यंत्र घेऊन बसला होता, पेनासारखं, घुर्रर्र आवाज करणारं. पातेल्यावर नाव टाकत होता.

"मामा?"

"त्यांनी सोडलं की बाई. माघ लागला, सराई आली, म्हणून मी मशीन आणलं. तसं मी म्हटलं होतं बसा म्हणून, पण त्यांचं डोळ्याचंही आता काही खरं नाही. लेकाकडं भोसरीला जायचं म्हणत होते."

"त्यांच्याकडे माझा एक तांब्या होता."

दुकानदारानं यंत्र थांबवलं. "इथं होतं ते सगळं परवा मोडवाल्यानं नेलं. दोन पोती. त्यात असला तर गेला."

मी परत आले. दार आतून लावून घेतलं. सरदारासमोरच्या स्टुलावर बसले आणि रडले. लग्न मोडलं तेव्हा मी रडले नव्हते. आई गेली तेव्हा माणसं इतकी होती की नीट रडता आलं नाही. त्या दिवशी सगळं एकदम आलं. आईनं बाजारात उभं राहून, माझ्यासाठी निवडून घेतलेली शेवटची वस्तू मी एका बोलण्यासरशी फुंकून टाकली होती. वैजयंतीचा राग मी आईवर काढला होता. सरदार बघत होता. त्याला तरी काय, बघण्याशिवाय येत काय होतं?

दोन दिवसांनी, बरोबर बाराला, दार वाजलं.

करडेमामा. हातात कापडी पिशवी. "तिकीट फाडा," ते म्हणाले.

मी तिकीट फाडलं. ते सरळ आत गेले, सरदारासमोरच्या स्टुलावर पिशवी ठेवली आणि तांब्या बाहेर काढला.

मी आधी ओळखलाच नाही. खांद्यावर जिथं ती ओळ होती, तिथं आता सावली होती. चार बोटं रुंदीची, गोल फिरत गेलेली सावली, सरदाराच्या मागं होती अगदी तशी. आडव्या रेघा, तिरक्या रेघा, त्यावर उलट्या तिरक्या. कडेला येता येता विरळ होत गेलेली. तिच्यात वैजयंती नव्हती, श्रीधर नव्हता, सौ. नव्हतं. जुन्या ओळीच्या वर जो मोकळा पत्रा होता, तिथं सावलीतून तीन अक्षरं चमकत होती. ती कोरलेली नव्हती. त्यांच्याभोवतीचं सगळं कोरलं होतं आणि तेवढी जागा तशीच सोडली होती. कुमुद.

आणि खाली, हात न लावलेलं, त्याच वाकड्या अक्षरात, 'आईकडून'.

"उजेड कोरता येत न्हाई बाई," मामा म्हणाले. "तेवढा सोडायचा असतोय. ते मला ह्या तुमच्या मोरलोनं शिकवलं. जुनी कानस घासून हत्यार केलं. सात पत्रं बिघडलं, तवा कुठं हात बसला."

"मला बोलला का नाहीत? मला वाटलं मोडीत गेला. मी इथं..."

"बोलून बसलो असतो आन तांब्या बिघडला असता तर? तुमच्या तोंडाकडं बगून हात हलला असता." त्यांनी माझा हात धरला आणि बोट त्या सावलीवर ठेवलं. "फिरवा."

मी बोट फिरवलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण रेघांच्या खरखरीत, खाली, जुनी अक्षरं बोटाला लागत होती. एकेक काना, एकेक वेलांटी.

"खोडलं न्हाई मी," ते म्हणाले. "सावलीत ठिवलंय. आईनं घातलेलं हाय, ऱ्हाऊ द्या बोटाला."

मी काय देऊ विचारलं तर 'च्या पाजा' म्हणाले. आम्ही सरदारासमोर बसून चहा घेतला. ते लेकाकडच्या खोलीविषयी बोलले. तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणे, आणि तिथं दिवसभर कुणी घरी नसतं. जाताना त्यांनी पहिल्यांदाच सरदाराच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि टोपीला हात लावला. फाटकापर्यंत मी गेले. मागं वळून न बघता ते चालत गेले. त्यानंतर ते मला भेटले नाहीत. भोसरीत धोंडू करडे नावाचा माणूस कसा आणि कुणाला विचारायचा?

चौकटीखालची पट्टी मी बदलली. 'अनोळखी सरदार. कोरणारा: मोरलो.' वरिष्ठांनी तपासणीत विचारलं, कोणाच्या अधिकारात? मी म्हटलं, तज्ज्ञांच्या.

महिन्याभरानं चिंच लावून तांब्या घासताना बुडाशी काहीतरी ओरखडा दिसला. मन चरकलं. उजेडात धरून बघितलं. मुंगीएवढी अक्षरं होती, एका दमात घातलेली. 'धोंडू करडे यांनी कोरलं.'

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. मी निवृत्त झाले, करंजवडं सोडलं नाही. मागच्या जनगणनेला एक तरुण शिक्षिका घरी आली. उन्हातून आलेली, म्हणून तांब्या-भांडं पुढं ठेवलं. तिनं पाणी ओतून घेताना तांब्या उचलला आणि बूड निरखलं. घासून घासून 'यांनी कोरलं' हे शब्द केव्हाच पुसले गेलेत. नाव तेवढं राहिलंय.

"घरात माणसं किती, काकू?"

"एक."

"मग हे धोंडू करडे? तुमचे मिस्टर का?" तिचं पेन कागदावर टेकलेलं.

क्षणभर मला वाटलं, हो म्हणावं. सरकारी कागदावर का होईना, या घरात दोन नावं होतील. एवढ्या वर्षांत तांब्यावरचं नाव वाचून माझ्याकडे कुणी चौकशी केली नव्हती. इतकी माणसं घरी आलीच कुठं होती?

"नाही," मी म्हटलं. "कोरणाऱ्याचं नाव आहे ते."

तिला काही उमजलं नाही. तिनं मान हलवली, एकचा आकडा लिहिला, माझी सही घेतली आणि पुढच्या घरी गेली.

मी तांब्या उचलून विसळला, कोरड्या फडक्यानं पुसला. पुसताना बोट सवयीनं सावलीवर गेलं. वैजयंती जागेवर होती. मी तिच्यावरून एकदा सावकाश बोट फिरवलं आणि दोघींसाठी पाणी भरून ठेवलं.